सहावं झबलं

मामानं शिवलेली पिशवी आजवर फाटलेली नाही. आम्ही फाडून बघितलीय. एका बंदाला मी, दुसऱ्या बंदाला आई, आणि मधे पिशवीत बसलेली माझी सहा वर्षांची बहीण, ठिणगी. पिशवीला काही झालं नाही. आईची पाठ मात्र दोन दिवस धरली होती. मामाला हे सांगितलं, तर स्वतःच्या बहिणीची, आईची, पाठ राहिली बाजूला, गडी खूश.

"मग! दिवसभर दणादण माणसं बसतात माझ्या टाक्यावर. ठिणगीचं वजन ते काय? काय समजलीस?"

मामाचं प्रत्येक वाक्य "काय समजलीस"पाशी येऊन थांबतं, बस थांब्यावर थांबते तसं. समोरचा समजला, न समजला, मामा पुढं निघतो.

बसचं नाव उगाच नाही घेतलं. मामा एकतीस वर्षं बस डेपोत सीट शिवतोय. डेपोच्या मागच्या शेडमध्ये फाटक्या सीटांची रास असते. कुठं फोम बाहेर आलेला, कुठं ब्लेडनं कापलेलं, कुठं कुणी कुणाचं नाव पेनानं कोरून मग तितक्याच जोरात खोडलेलं. मामा जुनं रेक्झिन सोलतो, नवं बेततो, आणि मोटरच्या मोठ्या मशीनवर टीप मारतो. एक टीप झाली की तिच्या शेजारून, तांदळाच्या दाण्याएवढं अंतर सोडून, दुसरी. सगळं आतल्या अंगानं. बसणाऱ्याला वरून नुसती गुळगुळीत सीट दिसते. डेपोत त्याला 'डबलटीप' म्हणतात. कित्येक ड्रायव्हरांना त्याचं दुसरं काही नाव असेल याची कल्पनाच नाही.

त्याचा नियम एकच. शिवण दिसता कामा नये.

"शिवण म्हणजे घरातलं भांडण," तो म्हणतो. "असतंच. नसेल तर सीट उभी कशी राहणार? पण बाहेरच्याला दिसायला नको. काय समजलीस?"

एकदा एका नव्या माणसानं घाईघाईत कापडाची कडा बाहेर ठेवून सीट बसवली. मामानं निघालेली बस फाटकात अडवली आणि ती सीट उतरवून घेतली. दोन प्रवासी उभ्यानं गेले. मामाला विचारलं, त्यांचं काय? तर म्हणाला, "उभे राहिले, पण इज्जतीत."

वर्षभराची रजा मामा उन्हाळ्यासाठी साठवून ठेवतो. शाळांना सुट्टी लागली की आम्ही पंधरा दिवस त्याच्याकडे, आणि तोही घरी. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं कपडे वाळत घालण्यापुरतं अंगण. सकाळी दहापर्यंत खिडक्या उघड्या, मग बंद. पश्चिमेच्या खिडकीला ओली चादर. फरशीवर पाणी शिंपडून सगळे आडवे, बादलीत कलिंगड बुडवलेलं, आणि कुणाचं डोकं पंख्याखाली यावं यावरून रोज नवं महायुद्ध. अशात मामा मामीचं पायमशीन पॅसेजमध्ये ओढून आणतो आणि म्हणतो, "चला, कुणाला काय हवंय?"

कुणाला काही नको असतं. पण मामाचं तोंड बघून नाही म्हणवत.

म्हणून घरात त्याचे उशीचे अभ्रे आहेत. त्यावर झोपलं की सकाळी गालावर पक्का रस्ता उमटतो, दुभाजकासकट. मामीचा एप्रन आहे. त्याला आम्ही चिलखत म्हणतो, कारण तो अडकवायच्या खुंटीनंच पहिल्यांदा मान टाकली. आणि ठिणगीची चड्डी आहे, जी आत कुणी नसतानाही उभी राहते. ठिणगीनं ती मैत्रिणींना दाखवायला अंगणात नेऊन उभी केली होती. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या.

मामीचं धोरण ठरलेलं. ती आधी म्हणते, "मी काही बोलत नाही." आणि मग दहा मिनिटं थांबत नाही.

यंदा ताई पण घरी होती. ताई म्हणजे मामाची एकुलती एक मुलगी. तिचं घर चौथ्या मजल्यावर, आणि तिथली लिफ्ट मनात असेल तर चालते. नववा महिना लागला तशी मामी जाऊन तिला घेऊन आली. ताई शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिचं जगणंच पास-नापासात चालतं. मामीनं केलेला चहासुद्धा ती काठावर पास करते.

दवाखान्यातून तिला यादी दिली होती. येताना बॅगेत काय काय आणायचं ते. त्यात होतं, मऊ सुती झबली, सहा. मामीनं ताईच्या नवऱ्याचे दोन जुने मलमलीचे सदरे काढले, धुऊन धुऊन सायीसारखे झालेले, आणि त्यातून बसल्या बैठकीला पाच झबली बेतली, शिवली, घडी घातली. सोमवारी दुपारी ती सहाव्याला कात्री लावणार, एवढ्यात फरशीवर आडवा पडलेला मामा म्हणाला,

"सहावं मी शिवणार."

आईनं मामीकडं बघितलं, मामीनं ताईकडं, ताईनं पोटाकडं.

"दादा, तू पिशवी शिव ना," आई गोडीनं म्हणाली. "झबली ठेवायला."

"पिशव्या सगळं जग शिवतं. नातवंडाच्या अंगावर पहिल्यांदा जाईल ते झबलं माझं. काय समजलीस?"

"बाबा," ताई म्हणाली, "बाळ आहे ते. बस नाही."

सगळे हसले. ठिणगी तर पोट धरून लोळली. मामाही हसला, पण त्याचं हसू मधेच तुटलं, दोरा संपला की मशीन नुसतंच फिरत राहतं तसं तोंड नुसतंच उघडं राहिलं. मग तो उठून बसला आणि कानामागचा खडू काढून त्याचं टोक नखानं खरवडायला लागला. ताईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"बरं, शिवा," ती म्हणाली. "पण परीक्षा होणार. मी गालाला लावून बघणार. टोचलं, तर बॅगेत नाही. शनिवारी बॅग भरायची आहे."

"गालाला कशाला? हाताला लाव."

"बाळाची कातडी हाताएवढी जाड आहे का?"

मामा कबूल झाला. एकतीस वर्षांत त्याच्या शिवणीची परीक्षा कुणी घेतली नव्हती. जनतेच्या ज्या भागानं घेतली तो भाग बोलत नाही.

मंगळवारी पहिलं झबलं तयार. मामानं ते दोन्ही हातांत धरून आणलं, ट्रे आणावा तसं. त्याला धरायला लागतच नव्हतं खरं तर. गळ्याला सुबक गोट, काखेत जादा तुकडा, बाह्यांना डबल टीप, दोरा डेपोतला. ताईनं ते गालावर ठेवलं, जरासं फिरवलं, काढलं. गालावर लाल.

"दोन रेघा!" ठिणगीनं मोजल्या.

"नापास," ताई म्हणाली.

"किती मार्कांनी?"

"बाबा, हे घातलं तर बाळ पहिल्याच दिवशी उभं राहील. पडायची सोयच नाही त्याला."

"मी काही बोलत नाही," मामी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "पण माझ्या मशीनला अठरा नंबरची सुई कुणी घातली? बिचारं कालपासून कण्हतंय. मलमलीला अठरा नंबर! डासाला काठी! आणि तो दोरा, तो दोरा तोडायला मला सांडशी घ्यावी लागली. आणि पाय किती जोरात मारता हो? ते मशीन आहे, सायकल नाही. गावाला नाही जायचं त्याच्यावर बसून..."

बुधवारी सकाळी मामा शिलाईच्या सामानाच्या दुकानात गेला. मी बरोबर होते. दुकानदाराला मामा वर्षानुवर्षं माहीत. जाड सुया त्यानं आधीच काउंटरवर काढून ठेवल्या.

"नऊ नंबर द्या," मामा हळूच म्हणाला.

"किती?"

"नऊ."

दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवला. "का हो, बस आता मलमलीची काढताय काय? खिडकीतून वारा बरा येईल."

"झबलं आहे."

"अच्छा, अच्छा." तो एकदम कुजबुजत बोलायला लागला, जणू बाळ काउंटरवरच झोपलंय. "मग दोराही बारीक घ्या. आणि कापडाखाली पातळ कागद धरा, म्हणजे मशीन कापड गिळणार नाही. झालं की कागद फाडून टाकायचा. आणि एक सांगू का, पाय..."

"पाय हलका. ऐकलंय. घरी दहा मिनिटं ऐकलंय."

दुसऱ्या झबल्यासाठी चपलांच्या खोक्यातला पातळ कागद निघाला. मामा पायात मोजे घालून मशीनवर बसला, पायाला लाज वाटावी म्हणून. टीप आली एकदम नाजूक. पण शिवण तर लपलीच पाहिजे. म्हणून त्यानं कडा आत दुमडली, पुन्हा दुमडली, आणि तिच्यावरून अशी टीप मारली की आतली कडा आतल्या आतच गायब. दिसायला झबलं देखणं. खुद्द मामीनं "मी काही बोलत नाही" म्हटलं आणि खरंच बोलली नाही.

ताईनं या वेळी डोळे मिटले. गालावर फिरवलं, मग मानेवर, मग मनगटाच्या आतल्या बाजूला.

"मऊ आहे," ती म्हणाली. मग काखेवर बोट ठेवून, "पण काखेत गाठ लागते, बाबा. दोन दुमडी आल्यात ना तिथं."

"अगदी थोडी ना?"

"बाळही अगदी थोडंच आहे."

मामानं झबलं घेतलं, अंगठ्यानं काखेतली शिवण दाबून बघितली, आणि काहीच बोलला नाही. "काय समजलीस"सुद्धा नाही. आईला हे जास्त लागलं. ती त्याला कलिंगडाची फोड घेऊन गेली. "दादा, अरे एवढं काय, पाच आहेत की." मामानं फोड घेतली, पण बिया थुंकून कोपऱ्यातली बादली गाठायचा आमचा खेळ असतो, त्यात त्यानं भागच घेतला नाही. बिया बोटांनी काढून ताटलीच्या कडेला एका ओळीत लावत बसला.

गुरुवारी उकाडा फारच वाढला. मामाच्या पाठीवर घामोळं आलं होतं. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला तो दारात गेला आणि मागून मामीचा आवाज आला,

"अहो! बनियन उलटं!"

"माहितीये."

"माहितीये म्हणजे? लेबल बाहेर लोंबतंय. सगळ्या गल्लीला तुमचा साइज कळला."

"कळू दे. आतली शिवण टोचते घामोळ्याला, म्हणून उलटं..."

आणि मामा तिथंच थांबला. दुधाची पिशवी हातात, तिच्यातून पाणी टपटप पायावर. दूधवाला म्हणाला, "काका, पुढं व्हा," तरी हलेना. मग पिशवी माझ्या हातात देऊन तो तडक मशीनपाशी गेला आणि नुसताच बसून राहिला. मशीन चालू नाही, पाय पेडलवर नाहीत.

मी विचारलं, "काय झालं मामा?"

"शिवण बाहेर काढायची," तो म्हणाला. वाईट बातमी सांगावी तसं. "बाळाला आत नुसतं कापड लागलं पाहिजे. शिवण, कडा, दुमड, सगळं बाहेर."

"मग काढ की."

"काढ की!" मामानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्याला गल्लीतून नुसत्या टॉवेलवर फिरून यायला सांगितलंय. "दिसणार ना सगळ्यांना!"

तासभर तो तसाच. एकदा उठून पाणी प्यायला. एकदा ताईच्या खोलीत डोकावला. ती कुशीवर झोपली होती, पोटाखाली उशी. अभ्रा मामीचा होता, त्याचा नाही. तो परत आला, आणि उरलेलं शेवटचं कापड त्यानं पॅसेजच्या फरशीवर पसरलं.

या वेळी मशीन नाही. हातसुई. मामाच्या बोटांत ती सुई दिसतही नव्हती. हवेतच चिमटे काढतोय असं वाटायचं. दोन तुकडे जोडले, कडा बाहेरच्या अंगाला वळवली, तिचं टोक आत घेतलं, अशी अलगद चपटी पट्टी केली, आणि तिच्यावर टाके घालायला लागला. एक टाका घातला की मान तिरकी करून बघायचा. आवडला नाही की उसवायचा. मी मोजलं, पहिल्या बाहीवर चौदा टाके उसवले.

"आता कशाला उसवतोस? सरळ तर होता," मी म्हटलं.

"लपलेला टाका सरळ असला तर चालतं. हा उघड्यावर बसणार आहे. काय समजलीस?"

परत आलं "काय समजलीस". स्वयंपाकघरात आईनं मामीला हळूच चिमटा काढला.

शुक्रवारी संध्याकाळी उन्हं उतरल्यावर तिसरं झबलं झालं. मामानं ते ताईसमोर धरलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघायला लागला. ताईनं आधी बोटांनी आतून चाचपलं. पुन्हा चाचपलं. हात बाहीत घालून पार काखेपर्यंत नेला.

"शिवण कुठं गेली?"

"बाहेर."

तिनं झबलं उलटसुलट करून बघितलं. बाहेरून काखेतून कमरेपर्यंत, खांद्यावरून, बाह्यांभोवती बारीक टाक्यांची रांग, मुंग्या शाळेत निघाल्यात तशी. मग तिनं ते गालाला लावलं, आणि काढेच ना. ठिणगी कंटाळून म्हणाली, "ताई, झोपलीस का?"

"पास," ताई म्हणाली. झबलं अजून गालालाच होतं.

"काठावर?" मामानं खिडकीलाच विचारलं.

"बाबा, इकडं बघा. पैकीच्या पैकी."

मामानं बघितलं. मग त्याला एकदम फार तहान लागली आणि तो स्वयंपाकघरात गेला, आणि बराच वेळ त्याला ग्लासच सापडेना.

बॅगेत जाण्याआधी झबलं धुवायला हवं होतं. शनिवारी सकाळी ते अंगणातल्या दोरीवर लागलं, एकटंच, दोन चिमट्यांत. अंगणाच्या भिंतीपलीकडून डेपोची वाट जाते. साडेसातच्या सुमाराला ड्यूटीवर निघालेला एक ड्रायव्हर भिंतीपाशी थांबला. हे लोक चालत असले तरी इंजिन चालू असल्यासारखे ओरडून बोलतात.

"ओ डबलटीप! बाळाचं कापड उलटं लावलंय वाळत!"

मामा दात घासत होता. त्यानं चूळ भरली, टाकली, तोंड पुसलं.

"सुलटं आहे."

"सुलटं? शिवण सगळी बाहेर दिसतेय की! कुणी शिवलं?"

मी मामाकडं बघत होते. खोटं बोलायची उत्तम सोय होती. मामी दहा पावलांवर होती, आई होती, दुकानं होती.

"मी," मामा म्हणाला.

"तू?" ड्रायव्हर भिंतीवर कोपरं टेकून पुढं वाकला. "फाटकात गाडी अडवणारा तू? एका कडेसाठी?"

"तुझ्या सीटवर बसणारा पँट घालून येतो," मामा म्हणाला. "हा उघडा येणार आहे. काय समजलास?"

ड्रायव्हरनं झबल्याकडं बघितलं, मामाकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच असेल, हळू आवाजात म्हणाला, "बारीक आहे हो टाका." आणि गेला.

ऊन असं होतं की तासाभरात झबलं कडकडीत वाळलं. ताईनं ते स्वतः उतरवलं. बॅग पलंगावर उघडी होती, आत मामीची पाच झबली, घडी करून. ताईनं सहावं त्यांच्यावर ठेवलं. मग काय मनात आलं कोण जाणे, मास्तरीण ती, एकाचाच पेपर तपासला तर झोप लागायची नाही. तिनं मामीचं एक झबलं काढलं आणि गालाला लावलं.

आणि तिचा हात थांबला.

मामी दारात उभी होती. आई माझ्याकडं बघायला लागली. मी ठिणगीकडं.

"काय गं?" मामी म्हणाली.

"काही नाही आई. मऊ आहे."

"मऊ आहे, मग तोंड असं का?"

"थोडी... अगदी थोडी कडा लागते. आतून आहे ना."

मामीनं पुढं होऊन झबलं घेतलं, आपल्या गालाला लावलं. मग सहावं घेतलं, ते दुसऱ्या गालाला लावलं. दोन्ही गालांवर दोन झबली धरून ती उभी राहिली, दात दुखत असल्यासारखी. मामा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं इतकं मन लावून बघत होता की त्या महिन्यात एक दिवस जादा निघेल असं वाटलं. काही बोलला असता तर मामीनं ऐकलं नसतं, एवढं डेपोतल्या एकतीस वर्षांत नाही तरी संसारात त्याला कळलं असावं.

"बॅग उद्या भरू," मामी शेवटी म्हणाली, आणि बॅगेतली उरलेली चार काढून घेतली. "ते उसवायचं ब्लेड कुठं ठेवलंत?"

"मशीनच्या खणात. तीन मी घेतो, दोन तू घे."

"तीन मी घेणार. माझी आहेत. आणि तो बाहेरच्या अंगाचा टाका काय घातलात ते नीट दाखवा, नुसतं समजलीस-समजलीस नको."

दहा वाजून गेले होते, खिडक्या बंद व्हायची वेळ झाली होती. पण उसवायला उजेड लागतो, म्हणून पॅसेजची खिडकी उघडीच राहिली आणि तिच्यातून गरम वारा आत येत राहिला. त्या दोघांनी फरशीवर फतकल मारली. मामी टीप उसवत होती, मामा कापडातून सुटलेले दोरे फुंकून उडवत होता, आणि मामीच्या मांडीवर पडले की तीच ते झटकत होती. ताईला पंख्याखालची जागा मिळाली. कुणी भांडलं नाही. ती पाय पसरून बसली, पोटावर हात ठेवून, आणि मामाला म्हणाली, "बाबा, काखेपासून सुरू करा."